सूर्याचे डाग मोजायला वीस माणसे पुरतात

चिकोडी तालुक्यातील एका पदवी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने मला पत्र लिहून दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांना यंदा रजा आणि प्रवासखर्च एकदाच मिळणार आहे. एका बाजूला पाचशे-सहाशे माणसांची आंतरराष्ट्रीय परिषद आहे, तर दुसऱ्या बाजूला सौरडागांच्या जुन्या नोंदींवर चार दिवस चालणारी बावीस जणांची कार्यशाळा. प्राचार्यांचे म्हणणे असे की परिषदेच्या प्रमाणपत्राला बढतीच्या फाइलीत वजन आहे. बावीस माणसे एका खोलीत चार दिवस बसून काय मोठे साधणार? त्यांचा दुसरा प्रश्न असा की अशी एखादी कार्यशाळा बेळगावात घेता येईल का, आणि घेतली तर सूर्याच्या अभ्यासाला तिचा खरोखर काही उपयोग होईल, की नुसती विद्यार्थ्यांची हौस भागेल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तुम्ही कार्यशाळेला जा. सौरज्वालांच्या, म्हणजे सूर्यावर अचानक होणाऱ्या ऊर्जेच्या स्फोटांच्या, रेडिओ नोंदींवर मी तीस वर्षे काम केले आहे, आणि या कामात मी केलेल्या ज्या चुका वेळेवर सापडल्या त्या बहुतेक सगळ्या लहान खोलीत सापडल्या. हा केवळ योगायोग नाही. त्याचे कारण सौर भौतिकीच्या स्वभावातच आहे, आणि ते जरा सविस्तर सांगितले पाहिजे.

सूर्य एकच आहे. प्रयोगशाळेतल्या नमुन्यासारखा तो दुसऱ्यांदा तयार करता येत नाही, आणि एकदा होऊन गेलेली ज्वाला पुन्हा घडवून आणता येत नाही. आपल्या हाती असतात त्या फक्त नोंदी, आणि प्रत्येक नोंदीत ती घेणाऱ्या यंत्राची व माणसाची सवय मिसळलेली असते. दोन वेधशाळांनी एकाच सकाळी एकाच सूर्याकडे पाहून दोन वेगळे आकडे लिहिले, तर फरक सूर्यात नसतो, लिहिण्याच्या रीतीत असतो. ही रीत शोधनिबंधात क्वचितच पूर्ण लिहिलेली असते, कारण ज्याची ती सवय आहे त्याला ती सांगण्याजोगी वाटतच नाही. ती बाहेर काढायची तर सवय असलेला माणूस आणि तिच्यामुळे अडलेला माणूस एकाच टेबलाशी, घाई नसताना बसावे लागतात. पंधरा मिनिटांच्या भाषणात आणि तीन मिनिटांच्या प्रश्नोत्तरांत हे होत नाही.

सौरडागांच्या संख्येचे उदाहरण घ्या, कारण तुमची कार्यशाळा त्याच विषयाची आहे. दुर्बिणीतून सौरडागांच्या नोंदी 1610 पासून मिळतात. झुरिकचे रुडॉल्फ वुल्फ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्या नोंदी एका सूत्रात बसवल्या: डागांच्या समूहांची संख्या दहाने गुणायची, तीत सुट्या डागांची संख्या मिळवायची, आणि निरीक्षकाप्रमाणे बदलणाऱ्या एका गुणकाने ती बेरीज गुणायची. पुढे 1998 मध्ये हॉयट आणि शॅटन यांनी केवळ समूह मोजून दुसरी मालिका तयार केली. या दोन मालिका विसाव्या शतकात बऱ्यापैकी जुळत होत्या, पण 1880 च्या मागे गेले की समूहांची मालिका बरीच खाली राहत होती. कोणती मालिका धरायची यावर सूर्य गेल्या तीनशे वर्षांत सतत अधिक सक्रिय होत आला की नाही, हे ठरत होते; आणि पृथ्वीच्या हवामानाचा अभ्यास करणारे लोकही याच आकड्यांवर विसंबून होते. म्हणजे वाद किरकोळ नव्हता. तरीही परिषदांमधून प्रत्येक जण आपल्याला सोयीची मालिका दाखवून खाली बसत असे.

हा गुंता सोडवायला 2011 पासून 2014 पर्यंत चार लहान कार्यशाळा झाल्या. पहिली अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात सनस्पॉट नावाच्याच गावी, शेवटची स्वित्झर्लंडमधील लोकार्नो येथे. एड क्लिव्हर, फ्रेडरिक क्लेट आणि लीफ स्वालगार्ड ही त्यातील पुढाकार घेणारी मंडळी. जुन्या वह्या, निरीक्षकांच्या दुर्बिणींची मापे, कोण कोणाच्या हाताखाली शिकला याचा इतिहास, हे सगळे तिथे तपासले गेले. त्यातून जी गोष्ट ठळकपणे पुढे आली ती मला फार मोलाची वाटते. झुरिकच्या परंपरेत मोठ्या डागाला एक न मोजता त्याच्या आकाराप्रमाणे दोन, तीन, कधी पाचपर्यंत मोजण्याची पद्धत होती. वुल्फच्या सूत्रात असे भारांकन कुठेच नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला, झुरिकच्या वेधशाळेचे प्रमुख माक्स वाल्डमायर यांच्या काळात, ही पद्धत पक्की झाली आणि आकडे सुमारे 18 ते 20 टक्क्यांनी फुगले. लोकार्नोची वेधशाळा 1957 पासून त्याच वळणाने मोजत आली होती आणि साऱ्या जगाची संख्या तिच्याशी ताडून ठरत होती. मग तिथल्या निरीक्षकांनी एकाच दिवशी, त्याच सूर्याचे डाग दोन्ही रीतींनी मोजायला सुरुवात केली: एकदा भार देऊन, एकदा न देता. पन्नास वर्षांची सवय अशी दोन रकान्यांत मांडली गेली.

1 जुलै 2015 रोजी सौरडाग संख्येची दुरुस्त मालिका ब्रुसेल्सहून प्रसिद्ध झाली. तिच्याप्रमाणे विसाव्या शतकातील सूर्य अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील सूर्यापेक्षा फारसा वेगळा नव्हता. भारांकनाने आकडे नेमके किती आणि कधीपासून वाढले यावर त्यानंतरही वाद झाले आणि समूहांच्या मालिकेच्या एकाहून अधिक आवृत्त्या निघाल्या; तेही योग्यच झाले, कारण आता वाद कोणत्या गोष्टीवर आहे हे तरी सर्वांना ठाऊक आहे. या साऱ्या कामाला नवे अंतराळयान लागले नाही. वह्या आणि धीर एवढ्यावर ते झाले.

माझी स्वतःची गोष्ट याच्यापुढे फार लहान आहे, पण ती सांगतो, कारण तुमच्या प्राचार्यांच्या मनातला प्रश्न तिच्यात आहे. पीएच.डी. करत असताना सौरज्वालांच्या वेळी येणाऱ्या रेडिओ स्फोटांची आणि क्ष-किरणांची मी वेळेनुसार तुलना करत होतो. रेडिओ लहरींचे शिखर क्ष-किरणांच्या शिखरानंतर दर वेळी आठ सेकंदांनी येत असे. मी त्याचा अर्थ असा लावला की वेग घेतलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय कमानीत थोडा वेळ अडकून राहतात आणि म्हणून रेडिओ लहरींचा जोर मागाहून वाढतो. कल्पना अजिबात वेडगळ नव्हती. असे अडकणे खरोखर घडते. एका मोठ्या परिषदेत ते काम भित्तिपत्रकावर दोन दिवस लटकले होते. कित्येकांनी थांबून पाहिले, मान डोलावली, दोघांनी शाबासकीही दिली.

त्याच वर्षी वीसेक जणांच्या एका कार्यशाळेत तेच आलेख दाखवले. मागच्या बाकावर रेडिओ लहरी टिपणाऱ्या ग्राही यंत्राची देखभाल करणारे एक अभियंते बसले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला: फाइलमध्ये लिहिलेली वेळ सरासरीच्या सुरुवातीची, मधली की शेवटची? मला ठाऊक नव्हते. ते पुढे आले, माझ्याच कागदाच्या मागे त्यांनी ओळीने चौकोन काढले, प्रत्येक चौकोन सोळा सेकंदांचा, आणि प्रत्येकाच्या उजव्या कडेवर बाण मारला. यंत्र सोळा सेकंदांची सरासरी काढत होते आणि वेळ मात्र शेवटची लिहीत होते. मी ती वेळ मधली धरून चाललो होतो. सोळाचे निम्मे आठ. तीन महिने ज्या विलंबाचा अर्थ मी लावत बसलो होतो, तो त्या चौकोनांच्या कडेवर होता. परिषदेतल्या कोणाचाही यात दोष नाही. हा प्रश्न ज्याला सुचावा असा माणूस परिषदेला आलेलाच नव्हता. यंत्र सांभाळणाऱ्या माणसाला परिषदेचा प्रवासखर्च सहसा मिळत नाही. लहान कार्यशाळा भरवणाऱ्यांनी मात्र त्यांना मुद्दाम बोलावले होते.

हीच रीत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती स्कायलॅबच्या वेळी. 1973-74 मध्ये त्या अंतराळस्थानकावरील सौर दुर्बिणींनी इतकी छायाचित्रे आणली की एकेकट्या गटाला ती पेलणारी नव्हती. तेव्हा तीन विषय ठरवून तीन कार्यशाळा-मालिका झाल्या: प्रभामंडलातील (सूर्याभोवतीच्या तप्त, विरळ वातावरणातील) विवरे, सौरज्वाला आणि सक्रिय प्रदेश. मंडळी एकदा भेटून थांबली नाहीत. मधल्या काळात काम करून पुन्हा भेटत राहिली, आणि प्रत्येक मालिकेतून एकेक संयुक्त ग्रंथ तयार झाला. वेगवान सौरवारा, म्हणजे सूर्यातून बाहेर वाहणारा कणांचा प्रवाह, प्रभामंडलातील विवरांमधून निघतो हे चित्र पक्के होण्यात त्यातील पहिल्या मालिकेचा मोठा वाटा आहे. पुढे 2002 पासून प्रभामंडलातील कमानींवर अशाच कार्यशाळा सुरू झाल्या. तिथला वाद होता तो कमानीच्या छेदात एकच तापमान असते की अनेक, यावर. आणि त्यातला बराचसा भाग कमानीमागची अंधुक पार्श्वभूमी कोणी कशी वजा केली, या साध्या वाटणाऱ्या बाबीवर येऊन ठेपला होता. वजाबाकीची रीत बदलली की उत्तर बदलत असे.

आता हे सारे आपल्यापासून दूरचे वाटेल, म्हणून आपल्या मुलखातली एक गोष्ट सांगतो. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली आपल्या भागावरून गेली होती. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपट पाहण्याचे यंत्र घेऊन पटवर्धनांच्या जमखंडीत उतरले होते. कॅप्टन हेग यांनी तिथून साठेक किलोमीटरवरच्या विजापुरातून ग्रहण पाहिले. ढगांनी दोघांनाही त्रास दिला. हर्शेलना सौरशृंगांच्या, म्हणजे सूर्याच्या कडेवरून उसळलेल्या तप्त वायूच्या कमानींच्या, वर्णपटात तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन ठळक रेषा दिसल्या, आणि नारिंगी रेषा त्यांनी सोडियमच्या डी रेषेच्या जागी धरली. त्यांच्या यंत्राने तेवढेच कळणे शक्य होते. हेग यांना दोन पट्टे दिसले, एक गुलाबी छटेचा, दुसरा सोनेरी. तिकडे गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या रेषा पाहिल्या. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडहून नॉर्मन लॉकियर यांनी नीट मोजमाप केले तेव्हा लक्षात आले की ती पिवळी-नारिंगी रेषा सोडियमच्या रेषांजवळची असली तरी त्यांच्या जागेवरची नाही. पुढे तिच्यावरूनच हेलियम ओळखला गेला. जमखंडी आणि विजापूर इथली दोन टिपणे एका टेबलावर आली असती तर हेलियम आधी सापडला असता, असे मी म्हणत नाही. यंत्रांची ताकद तेवढी नव्हती. पण शेजारच्या दोन गावांतून एकच गोष्ट पाहणाऱ्या दोघांनी तिला दिलेली दोन नावे जमखंडीला गेलो की मला हटकून आठवतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बेळगावात असे काही करता येईल का? मी करून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत टिळकवाडीतल्या एका गच्चीवर आम्ही अठरा जण तीन दिवस जमलो होतो. पदवीचे विद्यार्थी, पी.यू.सी.ला शिकवणारे दोन शिक्षक, खानापूरचे एक निवृत्त मास्तर आणि धारवाडहून आलेले दोघे. निम्म्यांची बोलण्याची भाषा मराठी, निम्म्यांची कन्नड. टेबलावर सौरडाग आणि सौरकले हे दोन्ही शब्द सारखेच चालत. ऐंशी मिलिमीटरची दुर्बीण, आणि नेत्रिकेमागे धरलेल्या पुठ्ठ्यावर पंधरा सेंटिमीटरचे वर्तुळ. सूर्याची प्रतिमा त्या वर्तुळात बसवायची आणि पेन्सिलीने डाग उमटवायचे. दुर्बिणीतून सूर्याकडे थेट कोणी पाहायचे नाही आणि बाजूच्या छोट्या शोधक दुर्बिणीवर टोपण घालून ती चिकटपट्टीने बंद करायची, हे दोन नियम इतर सगळ्याच्या आधी. वेळ सकाळी आठ ते दहा. त्यानंतर गच्ची तापते, हवा थरथरू लागते आणि बारीक डाग पुसट होतात. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे ती याच कारणाने, कारण पाण्यावरची हवा शांत राहते.

पहिल्या सकाळी तिघांनी पाठोपाठ एकाच सूर्याचे चित्र काढले. एकाला चार समूह आणि तेवीस डाग दिसले, म्हणजे वुल्फच्या बेरजेने 63. दुसऱ्याला पाच समूह आणि एकोणीस डाग, म्हणजे 69. तिसरीलाही पाचच समूह, पण डाग चोवीस, म्हणजे 74. डागांचा फरक डोळ्यांचा होता आणि तो कळण्यासारखा होता. समूह चार की पाच, यावर मात्र दीड तास गेला, कारण एका समूहाचा इकडेतिकडे धरण्याचा भाव दहा असतो. पश्चिमेकडच्या एका लांबट समूहात मध्यभागी रिकामी जागा होती. तो एक समूह की शेजारी आलेले दोन? एका विद्यार्थ्याने मोबाइलवर गाँग या जाळ्याचा त्या सकाळचा चुंबकीय नकाशा उघडला. उदयपूरसह जगातील सहा ठिकाणांहून हे जाळे सूर्यावर नजर ठेवते. त्यात काळ्या-पांढऱ्या ध्रुवांच्या दोन स्वतंत्र जोड्या स्पष्ट दिसल्या. म्हणजे समूह दोन. सगळ्यांना वाटले, प्रश्न सुटला.

तेव्हा खानापूरचे मास्तर म्हणाले की वुल्फकडे असा नकाशा होता का? नव्हता. मग आपण नकाशा पाहून समूह मोजू लागलो, तर आपला आकडा आजच्या सूर्यासाठी अधिक खरा होईल, पण दीडशे वर्षांमागच्या आकड्यांशी तो जोडता येणार नाही. त्या क्षणी गच्चीवर जे शांतपण पसरले ते मला आजही आठवते. मास्तरांना भारांकनाचा इतिहास ठाऊक नव्हता, पण नेमका तोच मुद्दा त्यांच्या तोंडून आला. आम्ही शेवटी दोन रकाने केले: एक फक्त डोळ्यांनी मोजलेल्याचा, दुसरा नकाशा पाहून मोजलेल्याचा. लोकार्नोलाही शेवटी दोन रकानेच करावे लागले होते.

याचा संशोधनाला उपयोग काय, तर सलग नोंद. एका गावातून, एका दुर्बिणीने, एकाच रीतीने वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदींना किंमत असते, आणि जगभरातल्या सौरडाग संख्येत हौशी निरीक्षकांच्या नोंदींचा मोठा भाग आजही असतो. पावसाळ्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर फारसे काही दिसणार नाही. ती खिंडारे तशीच लिहून ठेवावीत, भरू नयेत. त्या महिन्यांत जुन्या नोंदींकडे वळता येते. कोडाईकनालच्या वेधशाळेत 1904 पासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत आणि त्या काचपट्ट्यांच्या संगणकीय प्रती आता अभ्यासाला मिळतात. आदित्य-एल1 हे सूर्याचा अभ्यास करणारे भारतीय यान 2 सप्टेंबर 2023 रोजी निघाले आणि 6 जानेवारी 2024 रोजी आपल्या कक्षेत पोहोचले. त्याची आकडेवारी इस्रोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून घेता येते. त्यातील अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात आकाराला आली आणि प्रभामंडल पाहणारे उपकरण बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बनवले. एकाच यानावर सात उपकरणे आणि ती बनवणाऱ्या निरनिराळ्या संस्था, अशा वेळी कोणाच्या घड्याळाची वेळ कोणती आणि कोणी काय वजा केले, हे विचारण्यासाठी लहान बैठकी किती लागतील याची कल्पना तुम्हाला आता येईल.

लहान कार्यशाळांचा एक दोष मात्र मी लपवणार नाही. त्यांचा फार लवकर कंपू होतो. तीच वीस माणसे दर वर्षी भेटतात, एकमेकांच्या गृहीतांना सरावतात, आणि मग सवय बाहेर काढणारी खोलीच सवय जोपासणारी होते. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाला तिथले निमंत्रण मिळत नाही, कारण निमंत्रण ओळखीने जाते. मी स्वतः दोन ठिकाणी हे पाहिले आणि दोन्हीकडे जाणे सोडले. म्हणून कार्यशाळा निवडताना एवढे पाहा की निम्मी माणसे नवी आहेत का, यंत्र सांभाळणारा कोणी आहे का, आणि भाषणांपेक्षा कामाला अधिक तास ठेवले आहेत का. नुसतीच भाषणे असतील तर तुमच्या प्राचार्यांचे म्हणणे खरे मानून परिषदेला जायला हरकत नाही. तिथे निदान चार नव्या लोकांशी ओळख होते, आणि नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्याला तिचा उपयोगही असतो.

फाइलीचा प्रश्न उरतो. कार्यशाळा संपताना संयोजकांना एक पानभर टिपण मागा: कशावर एकमत झाले, कशावर नाही, आणि मतभेद मिटवायला कोण काय मोजून पाहणार आहे. त्यावर सर्वांच्या सह्या घ्या आणि प्राचार्यांना दाखवा. जाताना स्वतःची निदान दहा दिवसांची चित्रे घेऊन जा, खराब आलेलीसुद्धा, आणि त्यांच्यावर वेळ भारतीय लिहिली आहे की जागतिक, हे घरूनच स्पष्ट करून ठेवा; साडेपाच तासांचा हा घोळ मी चांगल्या चांगल्या लोकांकडून झालेला पाहिला आहे. नमुना म्हणून टिळकवाडीच्या वहीच्या पहिल्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. त्यावर 63, 69 आणि 74 हे तिन्ही आकडे आहेत, आणि प्रत्येकापुढे मोजणाऱ्याचे नाव, मोजल्याची वेळ आणि आकाश कसे होते याची ओळ आहे.